चिलटाची मूर्च्छा आणि पेशीतील वाहतूक
प्रतिनिधी, राई (भाईंदर)

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या दिशेने निघाले, की वाटेत राई हे गाव लागते. येथील कोणत्याही घरात टोपलीतील केळी जरा अधिक पिकली, की त्यांच्यावर कोठून कोण जाणे, तांबड्या डोळ्यांची इवलीशी चिलटे येऊन घिरट्या घालू लागतात. हाताने हाकलावीत, टोपलीवर फडके टाकावे, की आपल्या लेखी त्यांचा विषय संपतो. आंबा-पेरूत अळ्या पाडून बागायतदाराच्या तोंडचे पाणी पळवणारी फळमाशी ती वेगळी. हे बिचारे चिलट फळ सडू लागल्याखेरीज त्याच्या वाटेला जात नाही.

याच राईतून भाईंदर स्थानक गाठावे, चर्चगेटची लोकल पकडावी आणि तेथून बसने कुलाब्याच्या शेवटच्या टोकाला, नेव्हीनगरला उतरावे. समुद्राला खेटून उभ्या असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हीच चिलटे अनेक दशके काचेच्या बाटल्यांतून सन्मानाने पोसली गेली. त्यांना खाऊ घातले गेले, त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, त्यांना काय आवडते आणि काय नाही याची बारकाईने विचारपूस झाली. या संस्थेत चिलटांचे बिऱ्हाड थाटणारे शास्त्रज्ञ म्हणजे प्रा. ओबैद सिद्दिकी.

प्रा. सिद्दिकी यांचे २६ जुलै २०१३ रोजी बेंगळुरू येथे निधन झाले. त्यानंतर अवघ्या ७३ दिवसांनी, ७ ऑक्टोबर २०१३ रोजी, स्टॉकहोममधून वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पेशीच्या आत मालाची वाहतूक कशी चालते आणि पटलाच्या पिशव्या नेमक्या जागी, नेमक्या क्षणी एकमेकींत कशा मिसळतात, हे उलगडणाऱ्या जेम्स रॉथमन, रॅंडी शेकमन आणि थॉमस स्यूडहॉफ या तिघांना तो मान मिळाला. त्या यादीत सिद्दिकींचे नाव नव्हते आणि असावे असा त्यांचा दावाही कधी नव्हता. मात्र ज्या प्रथिनावाचून ही सारी वाहतूक ठप्प होते, त्या प्रथिनातील बिघाडाने जितेजागते प्राणी कसे कोलमडतात, हे सिद्दिकी यांनी १९७६ सालीच दाखवून दिले होते. त्यांनी पाहिलेला बिघाड याच प्रथिनाचा होता, हे जगाला कळायला आणखी १९ वर्षे जावी लागली. त्यांच्या निधनाला आता तपाहून अधिक काळ लोटला आहे. एका लहानशा माशीच्या मूर्च्छेची आणि तिच्या मागे लागलेल्या या माणसाची कहाणी म्हणूनच पुन्हा एकदा सांगण्याजोगी आहे.

बस्ती ते ग्लासगो

ओबैद सिद्दिकी यांचा जन्म ७ जानेवारी १९३२ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात झाला. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. विषय होता वनस्पतीशास्त्र. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत त्यांनी पिकांच्या आनुवंशिकतेवर काम सुरू केले. त्या काळातील एक हकिकत त्यांच्याविषयी सांगितली जाते. प्रयोगासाठी त्यांनी लावलेला गहू शेतात उभा असताना गारपीट झाली आणि सारी मेहनत भुईसपाट झाली. पिकांवर काम करणाऱ्याला दुसऱ्या प्रयोगासाठी पुढच्या हंगामापर्यंत हात चोळत बसावे लागते. आकाशाच्या लहरीवर अवलंबून नसलेला आणि ज्याच्या पिढ्या भराभर हाती येतील असा जीव शोधावा, या विचाराने हा तरुण सूक्ष्मजीवांच्या आनुवंशिकतेकडे वळला.

त्यासाठी त्यांनी गाठले ते स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठ. तेथे ग्विदो पोन्टेकोर्व्हो हे नामांकित आनुवंशिकी शास्त्रज्ञ ॲस्परजिलस नावाच्या बुरशीवर काम करीत होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्दिकी यांनी पीएच. डी. केली. त्यांचा विषय होता एकाच जनुकाची अंतर्गत रचना. जनुक म्हणजे माळेतला अखंड मणी, अशी कल्पना तोवर रूढ होती. तो मणीही आतून अनेक भागांचा बनलेला आहे, त्याच्या आतही अदलाबदल होते, हे त्या काळात निरनिराळ्या प्रयोगशाळांतून सिद्ध होत चालले होते. अमेरिकेत सेमूर बेन्झर यांनी जिवाणूभक्षक विषाणूंच्या बाबतीत तेच काम केले होते. या दोघांची गाठ पुढे पडायची होती.

ग्लासगोनंतर सिद्दिकी अमेरिकेत गेले. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळा आणि त्यानंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ येथे त्यांनी संशोधन केले. पेनसिल्व्हेनियात ॲलन गॅरन यांच्यासमवेत त्यांनी केलेल्या कामाचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि रेण्वीय जीवशास्त्रात त्यांचे नाव झाले. जनुकातील मजकूर वाचून पेशी प्रथिन तयार करते. या मजकुरात भलत्याच ठिकाणी पूर्णविराम पडला, तर प्रथिन अर्धवट राहते. जिवाणूंच्या काही वाणांमध्ये मात्र असा चुकीचा पूर्णविराम ओलांडून पुढे वाचण्याची सोय असते, असे या दोघांना आढळले. जनुकांच्या लिपीत पूर्णविराम असतात, हे समजण्याच्या वाटेवरील तो एक महत्त्वाचा टप्पा ठरला.

भाभांचे बोलावणे

तिशीतल्या या शास्त्रज्ञाला अमेरिकेत राहणे अवघड नव्हते. पण त्याच सुमारास मुंबईत डॉ. होमी भाभा टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा विस्तार करीत होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची कुलाब्यातील नवी वास्तू १९६२ मध्ये उभी राहिली होती. संस्थेचा लौकिक पदार्थविज्ञान आणि गणित यांचा. जीवशास्त्राला तेथे जागा नव्हती. अणुशृंखलेची कल्पना प्रथम मांडणारे आणि नंतर जीवशास्त्राकडे वळलेले लिओ झिलार्ड यांनी सिद्दिकींचे नाव भाभांना सुचवले. भाभांनी त्यांना मुंबईला येऊन रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा करण्याचे निमंत्रण दिले. १९६२ मध्ये सिद्दिकी मुंबईत दाखल झाले.

आज रेण्वीय जीवशास्त्र हा शब्द महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही परिचित आहे. त्या वेळी देशात या विषयाच्या प्रयोगशाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. रसायने परदेशांतून मागवायची, उपकरणे जुळवायची, विद्यार्थी शोधायचे आणि त्यांना विषयही आपणच शिकवायचा, असा तो काळ होता. या उभारणीत जीवरसायनशास्त्रज्ञ पबित्र मैत्र यांची त्यांना साथ लाभली. यीस्टमध्ये साखरेचे ज्वलन कसे होते, यावर मैत्र आणि झीटा लोबो यांनी केलेले काम या विभागाची आणखी एक ओळख ठरले. सिद्दिकी स्वतः जिवाणूंमध्ये डीएनएची देवाणघेवाण कशी होते, यावर काम करीत होते.

जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात भाभांचा अंत झाला. पाठीराखा गेला, तरी विभाग तगला. संस्थेने त्याला आपले मानले होते आणि सिद्दिकींनीही मुंबई सोडली नाही. त्यांच्या पत्नी आसिया सिद्दिकी या इतिहासाच्या अभ्यासक. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या व्यापारी जीवनावर आणि दिवाळखोर ठरलेल्या माणसांवर त्यांनी केलेले संशोधन मुंबईच्या इतिहासकारांना परिचित आहे. नवरा पेशींच्या आतील व्यवहार तपासतो आहे आणि पत्नी बाजारपेठेतील, असे हे घर होते. सिद्दिकींना संगीताचीही ओढ होती. ते सरोद वाजवीत.

माशी बेशुद्ध का पडते?

१९७० च्या दशकाच्या आरंभी सिद्दिकींनी आपली दिशा पुन्हा बदलली. जनुके प्रथिने घडवतात, हे आता पक्के झाले होते. मग प्राण्याची वागणूकही जनुकांवरून उलगडता येईल काय, हा नवा प्रश्न होता. अमेरिकेत कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत सेमूर बेन्झर हेही विषाणू सोडून याच प्रश्नाकडे वळले होते आणि त्यांनी त्यासाठी निवडले होते ते चिलट. शास्त्रीय भाषेत ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. सिद्दिकी काही काळासाठी त्यांच्याकडे गेले.

चिलटाची निवड कोणाला गमतीची वाटेल. पण त्यामागे चोख हिशेब होता. बाटलीत हजारो माशा राहतात. अंड्यापासून प्रौढ माशी तयार व्हायला सुमारे दहा दिवस लागतात. वाट पाहायला लावणारा हंगाम नाही आणि गारपिटीची भीतीही नाही. त्याच वेळी हा जीव जिवाणूइतका साधा नाही. तो चालतो, उडतो, वास घेतो, जोडीदार शोधतो आणि शिकतोसुद्धा. त्याच्या मेंदूत सुमारे १ लाख ३९ हजार मज्जापेशी असतात, अशी मोजदाद २०२४ मध्ये पूर्ण झाली. माणसाच्या मेंदूच्या तुलनेत ही संख्या नगण्य असली, तरी मज्जापेशी एकमेकींशी बोलतात ती रीत दोघांत सारखीच आहे.

संशोधकांनी योजलेली युक्ती अशी होती. रसायनांच्या साह्याने माशांच्या जनुकांत बारीकसारीक दोष निर्माण करायचे आणि त्यांच्या संततीतून अशा माशा निवडायच्या, ज्या नेहमीच्या तापमानाला अगदी धडधाकट असतात, पण जरा ऊब लागली की लुळ्या पडतात. उष्णतेचीच अट का, याचे उत्तर प्रथिनांच्या घडणीत आहे. प्रत्येक प्रथिन म्हणजे विशिष्ट प्रकारे घडी घातलेली लांब साखळी. जनुकातील सौम्य दोषामुळे ही घडी कच्ची राहते. थंडाव्यात ती टिकते आणि गरम झाल्यावर विसकटते. मज्जासंस्थेला सर्वस्वी आवश्यक असलेले प्रथिन कायमचे बिघडले, तर माशी जन्मालाच येणार नाही आणि अभ्यासालाही मिळणार नाही. तापमानावर चालणारा बिघाड मात्र दिव्याच्या बटणासारखा हवा तेव्हा लावता येतो, हवा तेव्हा बंद करता येतो.

अशा माशांच्या काही जाती त्या काळात निरनिराळ्या प्रयोगशाळांत सापडल्या. एकीला पॅरालिटिक हे नाव मिळाले. एकीला शिबिरे म्हणू लागले. जपानी भाषेत शिबिरे म्हणजे बधिरता. सिद्दिकी आणि बेन्झर यांनी शोधलेल्या जातीचे नाव कोमॅटोज असे ठेवले गेले. सुमारे ३८ अंश सेल्सियसला ही माशी काही मिनिटांत निपचित पडे. शिबिरे माशी थंडाव्यात आणल्यावर लवकर उठून चालू लागे, कोमॅटोज मात्र बराच वेळ मूर्च्छेतच राही. नाव पडले ते त्यावरूनच.

माशी पडली, एवढी नोंद करून सिद्दिकी थांबले नाहीत. तिच्या चिमुकल्या शरीरातील विद्युत्स्पंद त्यांनी टिपले. मेंदूकडून निघालेला संदेश उडण्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो की नाही, पोहोचत नसेल तर कोठे अडतो, याचा त्यांनी शोध घेतला. अशा माशांमधील मज्जासंस्थेच्या दोषांवरील त्यांचा आणि बेन्झर यांचा निबंध १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोष मज्जातंतूंच्या कामात आहे, तो एका जनुकामुळे येतो आणि तापमान उतरल्यावर नाहीसा होतो, इतके निश्चित झाले. या जनुकापासून कोणते प्रथिन बनते, हे ठरवण्याची साधने मात्र तेव्हा कोणाच्याच हाती नव्हती. बाटलीवर कोमॅटोज या नावाची चिठ्ठी लागली आणि त्या जातीच्या माशा पिढ्यान् पिढ्या जपल्या जाऊ लागल्या.

पेशीतील मालवाहतूक

त्याच वर्षांत, चिलटांशी काहीही संबंध नसलेल्या दोन प्रयोगशाळा वेगळ्याच प्रश्नाशी झटत होत्या. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी नव्हे. तिच्या आत पातळ पटलांनी वेगळ्या केलेल्या अनेक खोल्या असतात. एका खोलीत तयार झालेले प्रथिन दुसऱ्या खोलीत किंवा पेशीच्या बाहेर पोहोचवायचे, तर ते सूक्ष्म पिशव्यांत भरून पाठवावे लागते. या पिशव्यांना पुटिका म्हणतात. पुटिका एका पटलावरून कळीसारखी फुटते, प्रवास करते आणि मुक्कामी पोहोचल्यावर तेथील पटलात मिसळून आतला माल रिता करते. स्वादुपिंडातून रक्तात येणारे इन्शुलिन याच मार्गाने बाहेर पडते. मज्जापेशीच्या टोकाशी तर अशा पुटिकांची रास लागलेली असते. त्यांचा व्यास असतो सुमारे ४० नॅनोमीटर. संदेश पोहोचताच त्यांतील काही हजारांश सेकंदाच्या आसपासच्या अवधीत पटलात मिसळतात आणि त्यांतील रसायन शेजारच्या पेशीवर पडते. आपण पापणी मिटतो ती याच रीतीने.

पण दोन पटले आपोआप मिसळत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागांना पाणी चिकटलेले असते आणि ती एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना ओढून एकत्र आणायला बळ लागते. ते बळ कोणाचे?

अमेरिकेत रॅंडी शेकमन यांनी यीस्टमध्ये उत्तर शोधले. त्यांची युक्तीही सिद्दिकींच्या युक्तीची सख्खी बहीण होती. त्यांनी असे यीस्ट निवडले, जे ऊब लागताच आतला माल बाहेर टाकू शकत नाही. अशा दोषांना त्यांनी क्रमांक दिले. त्यांतील एक होता सेक-१८. जेम्स रॉथमन यांनी मार्ग धरला रसायनशास्त्राचा. हॅमस्टरच्या पेशी फोडून त्यांनी परीक्षानळीत ही वाहतूक चालवून दाखवली आणि तिला लागणारी प्रथिने एक एक करून वेगळी काढली. १९८८ मध्ये एनएसएफ या नावाचे प्रथिन त्यांच्या हाती शुद्ध स्वरूपात आले. पुढच्याच वर्षी उमगले, की यीस्टमधील सेक-१८ आणि हे एनएसएफ एकाच कुळातले आहेत.

१९९३ मध्ये रॉथमन यांच्या गटाने स्नेअर नावाच्या प्रथिनांची भूमिका मांडली आणि चित्र स्पष्ट झाले. पुटिकेवर एक स्नेअर असते, मुक्कामाच्या पटलावर तिच्या जोडीदार असतात. त्या भेटल्या, की कपड्याच्या चेनचे दाते जुळावेत तशा एका टोकापासून एकमेकींत गुंफत जातात आणि त्या ओढीने दोन्ही पटले इतकी जवळ येतात, की अखेर एकरूप होतात. माल बाहेर पडतो. मज्जापेशीत हे नेमके कधी व्हावे, याचा इशारा कॅल्शियम देते आणि तो इशारा ओळखणाऱ्या प्रथिनाचा छडा लावला स्यूडहॉफ यांनी.

येथपर्यंतचे काम झाले, पण एक अडचण उरते. गुंफलेल्या स्नेअर फार घट्ट बसतात. आपल्या आपण त्या सुटत नाहीत. रेल्वेच्या यार्डात डबे एकमेकांना जोडले आणि ते सोडवणारा माणूसच आला नाही, तर पुढची गाडी कोठून लागणार? एनएसएफ हे प्रथिन सोडवणाऱ्याचे काम करते. सहा भागांचे हे कडे पेशीचे इंधन जाळून स्नेअरची गाठ उकलते आणि त्या पुढच्या खेपेसाठी मोकळ्या होतात.

१९९५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बॅरी गॅनेट्झ्की यांच्या गटाने कोमॅटोज माशीतील सदोष जनुक ओळखले. ते जनुक होते एनएसएफचे.

आता १९७६ मधील मूर्च्छेचा अर्थ लागला. ऊब लागताच माशीतील एनएसएफची घडी विसकटते. स्नेअरच्या गाठी सुटत नाहीत. पटलापाशी पुटिका येऊन ठेपतात, पण त्यांना मिसळता येत नाही. संदेश निघतो आणि वाटेत खुंटतो. यीस्टमध्ये शेकमन यांना सापडलेला सेक-१८, हॅमस्टरच्या पेशीत रॉथमन यांना सापडलेला एनएसएफ आणि चिलटात सिद्दिकी-बेन्झर यांना सापडलेला कोमॅटोज, ही तिन्ही एकाच यंत्राची नावे होती. पावाच्या पिठातील यीस्टपासून माणसापर्यंत निसर्गाने ते यंत्र फारसे न बदलता वापरले आहे. रॉथमन यांनी ते सुटे करून पाहिले, तर ते बंद पडल्यावर अख्ख्या प्राण्याचे काय होते, हे चिलटाने दाखवले.

रिकामे डबे परत आणणारा

शिबिरे माशीची कथा या कथेला पूरक आहे. मुंबईकराला ती डबेवाल्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. दुपारी डबा पोहोचला म्हणजे काम संपत नाही. रिकामा डबा संध्याकाळपर्यंत घरी परतला नाही, तर दुसऱ्या दिवशी जेवण कशात भरायचे? मज्जापेशीही पटलात मिसळलेली पुटिका पुन्हा खुडून आत घेते. खुडताना तिच्या मानेभोवती फास आवळणारे प्रथिन म्हणजे डायनामिन. शिबिरे माशीत हेच प्रथिन सदोष असते, असे १९९१ मध्ये उघड झाले. ऊब लागताच माना आवळल्या जात नाहीत, रिकामे डबे परतत नाहीत आणि साठा संपताच माशी बधिर होते.

सिद्दिकींनी लावलेले हे रोप मुंबईतच वाढले. टाटा संस्थेत के. एस. कृष्णन यांनी अशा लुळ्या पडणाऱ्या माशांचा ध्यास घेतला. मणी रामस्वामी आणि अन्य सहकाऱ्यांसमवेत १९९३ आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी शिबिरे माशीतील पुटिकांच्या परतीच्या प्रवासावर प्रकाश टाकला. याच संस्थेत सापडलेल्या एका जातीला नाव मिळाले ते स्तंभ. जागच्या जागी खिळणाऱ्या माशीला ते शोभूनही दिसते. २००१ मध्ये जपानी वंशाचे संशोधक तोशिहिरो कितामोतो यांनी शिबिरेचे सदोष जनुक माशीच्या हव्या त्या मज्जापेशींत बसवण्याची सोय केली. तेव्हापासून मेंदूतील कोणत्या पेशी कोणते काम करतात, हे शोधण्यासाठी जगभर हे जनुक बटणासारखे वापरले जाते.

या ज्ञानाचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. गंजका खिळा पायात गेला, की घरची वडीलधारी माणसे धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी घाई करतात. धनुर्वाताच्या जंतूचे विष मज्जापेशीत शिरून पुटिकेवरील स्नेअर कापते, हे १९९२ मध्ये सिद्ध झाले. स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींची वाहतूक त्यामुळे थांबते आणि सारे शरीर धनुष्यासारखे ताणले जाते. चेहऱ्यावरील सुरकुत्या घालवण्यासाठी घेतले जाणारे बोटॉक्सही त्याच प्रथिनांच्या कुळावर घाव घालते. फरक इतकाच, की ते स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींचे तोंड बंद करते आणि स्नायू सैलावतात.

गंध, चव आणि महाबळेश्वर

अमेरिकेतून मुंबईला परतलेले सिद्दिकी मूर्च्छेवरच रेंगाळले नाहीत. चिलट केळ्याचा वास कसा ओळखते, गोड आणि कडू यांत कसा भेद करते, या प्रश्नांनी त्यांना पछाडले. त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी या कामाचा मोठा भार उचलला. केनियात गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या आणि डब्लिनला शिकलेल्या व्हेरोनिका सिद्दिकींच्या कामाने ओढल्या जाऊन मुंबईत आल्या आणि भारताच्याच होऊन राहिल्या. वास आणि चव यांची जाणीव हरवलेल्या माशांचे पहिले संच या दोघांनी मिळवले. त्यांचा निबंध १९७८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापला गेला. परदेशी नियतकालिकात छापून आल्याशिवाय कामाला किंमत नाही, अशी समजूत आजही घट्ट आहे. त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. व्हेरोनिका रॉड्रिग्ज पुढे स्वतः या विषयातील मान्यवर झाल्या. २०१० मध्ये, आपल्या गुरूच्या आधी तीन वर्षे, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

प्रयोगशाळेच्या चार भिंतींत विज्ञान कोंडून राहू नये, याबद्दल सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी जागरूक होते. १९७० च्या दशकात महाबळेश्वरला आधुनिक जीवशास्त्राची चर्चासत्रे भरू लागली. परदेशांतील आणि देशातील नामवंत शास्त्रज्ञ थंड हवेच्या या ठिकाणी तरुण विद्यार्थ्यांसमवेत राहत आणि सकाळपासून रात्रीपर्यंत विज्ञानावर खल चाले. परदेशी जाण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्यासाठी ती खिडकी होती. ही चर्चासत्रे नंतर इतर ठिकाणी भरू लागली, तरी महाबळेश्वरचे नाव त्यांना कायमचे चिकटले.

बेंगळुरू आणि अखेर

मुंबईतील विभाग स्थिरावल्यावर सिद्दिकी आणि मैत्र यांनी जीवशास्त्रासाठी स्वतंत्र संस्थेचा प्रस्ताव मांडला. तो प्रत्यक्षात यायला बराच काळ लागला. १९९० च्या दशकाच्या आरंभी टाटा संस्थेचेच एक केंद्र म्हणून बेंगळुरूत राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र सुरू झाले आणि सिद्दिकी त्याचे संस्थापक संचालक झाले. तिशीत एक विभाग आणि साठीत एक संस्था, अशी दोन घरे त्यांनी बांधली. संचालकपद सोडल्यावरही ते प्रयोगशाळेत येत राहिले. चिलटाचा वास घेण्याचा प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत हातातून खाली ठेवला नाही.

मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९७६ मध्ये भटनागर पारितोषिक, १९८४ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व, २००६ मध्ये पद्मविभूषण. १९८९ ते १९९१ या काळात ते भारतीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. तरीही शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर, विशेषतः ज्या मुंबईत त्यांनी सुमारे तीस वर्षे काढली त्या मुंबईत, त्यांचे नाव फारसे कोणाच्या ओठी नसते. संस्थेच्या आवारात भाभांचे नाव सर्वत्र आढळते. भाभांनी ज्याच्यावर विश्वास टाकला, तो माणूस मात्र विस्मरणात चालला आहे.

जुलै २०१३ मध्ये बेंगळुरूत घराजवळ रस्त्यावर झालेल्या अपघातात सिद्दिकींच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली आणि काही दिवसांतच, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. ज्याने जन्मभर मज्जापेशींचे बोलणे ऐकले, त्याचा अंत मेंदूला झालेल्या इजेने व्हावा, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

ऑक्टोबरमधील नोबेलची घोषणा ऐकायला ते उरले नव्हते. ती ऐकताना त्यांना काय वाटले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या कामातून निघणारा धडा स्पष्ट आहे. १९७६ मध्ये कोणी त्यांना बेशुद्ध पडणाऱ्या माशीचा देशाला उपयोग काय, असे विचारले असते, तर त्यांच्यापाशी दाखवण्याजोगे काही नव्हते. एनएसएफ हे नाव जन्मायचे होते, स्नेअर सापडायच्या होत्या, धनुर्वाताच्या विषाचे रहस्य उकलायचे होते. सरकारी तिजोरीतून चालणाऱ्या एका संस्थेने तरीही चिलटांना खाऊ घालण्याचा खर्च वर्षानुवर्षे सोसला आणि एका माणसाने उत्तराची घाई न करता प्रश्न नीट मांडून ठेवला. उत्तर आले तेव्हा त्या माशा बाटल्यांत जिवंत होत्या, म्हणूनच तपासणे शक्य झाले. संशोधनाचा पैसा दोन-तीन वर्षांच्या मुदतीने आणि लगेच दिसणाऱ्या लाभाच्या हिशेबाने वाटला जातो, तेव्हा हे उदाहरण धोरण आखणाऱ्यांनी डोळ्यांपुढे ठेवायला हरकत नाही.

कोमॅटोज आणि शिबिरे यांचे वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांतून सांभाळले जातात. राईतल्या एखाद्या घरी, पिकल्या केळ्यांच्या टोपलीवर, त्यांचे धडधाकट भाऊबंद याही क्षणी घिरट्या घालत असतील. त्यांना हाकलायला उचललेला आपला हातही हलतो तो त्यांच्या पंखांना हलवणाऱ्या त्याच प्रथिनांच्या बळावर.